शाळेची पाहुणी

१

जूनच्या पहिल्या सोमवारी माधवी मॅडमनी माझ्या हातात बाहुली ठेवली. ती यशोधरेने शिवलेली नाही हे मला लगेच कळलं.

मॅडम शाळेच्या मुख्याध्यापिका. कामशेतहून पवना धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही लहान मुलांची आंतरराष्ट्रीय शाळा आहे. माझी बायको यशोधरा तिथे पहिलीला शिकवायची. जानेवारीत ती गेली.

"शुक्रवारी वर्ष संपतंय," मॅडम म्हणाल्या. "कार्यक्रमात सगळ्यांसमोर यशोधराताईंनी मुलांसाठी शिवलेली ही पाहुणी तुम्हाला परत द्यायचं ठरवलंय. आधी एकदा बघून घ्या म्हणून बोलावलं, भिकाजीभाऊ. तिथे एकदम हातात दिली असती तर तुम्हाला त्रास झाला असता."

मी बाहुली उलटी करून शिवण बघितली. माझी नोकरी लोणावळ्याच्या रेल्वे पार्सल ऑफिसात झाली. वाटेत कुणी पोतं उसवून पुन्हा शिवलं असेल तर ते टाक्यावरून ओळखावं लागायचं. ती सवय अजून जात नाही. यशोधरा डावखुरी होती. तिचा टाका उलट्या बाजूला कलायचा. ह्या बाहुलीचे सगळे टाके उजव्या हाताचे होते.

"मॅडम, ही ती नव्हे."

"म्हणजे?"

"कुणीतरी दुसरी शिवलीय. चांगली शिवलीय. पण ही यशोधरेची नाही."

मॅडम खाली बसल्या. म्हणाल्या, "असं असेल तर मला संस्थेला कळवावं लागेल. कर्मचाऱ्यांच्या नेमणुका ह्याच महिन्यात नव्याने होतात. ज्याचं नाव येईल त्याची होणार नाही."

"शुक्रवारपर्यंत थांबा."

"तुम्हाला काय हवंय, भाऊ? चोर?"

"मला बाहुली हवीय," मी म्हणालो.

घरी यशोधरेचे कपडे आहेत, चष्मा आहे, डबा आहे. ते सगळं विकत आणलेलं. तिने हाताने केलेली शेवटची वस्तू ती बाहुली होती. शुक्रवारनंतर मुलं पांगणार. निम्म्यांचे आईवडील परदेशी, तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत आलेले. दरवर्षी जूनमध्ये काही घरं सामान बांधतात. बाहुली त्यांच्या एखाद्या खोक्यात गेली तर ती मला पुन्हा दिसणार नव्हती.

२

गेल्या जुलैत शाळेला सुट्टी होती आणि यशोधरेचे उपचार सुरू झाले होते. त्या दिवसांत तिने बाहुली शिवली. बेडश्याला माझ्या भावाच्या बांधावर सावरीचं झाड आहे. त्याचा कापूस तिने आत भरला. शाळेने सगळ्या बायकांना सारखी साडी दिली होती, हिरवी, लाल काठाची. वर्षअखेरीच्या कार्यक्रमाला सगळ्याजणी ती नेसतात. यशोधरेने त्या साडीचा पदर कापला आणि बाहुलीला नेसवला.

"चांगली साडी कापतेस," मी म्हणालो.

"मला आता कुठे नेसायचीय," ती म्हणाली, आणि दोरा दातांनी तोडला.

ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली. दर शुक्रवारी बाहुली एका मुलाच्या घरी मुक्कामाला जायची. म्हणून तिचं नाव पाहुणी. त्या घरी जी रीत असेल ती तिला लागू. सोमवारी मुलं गोल करून बसत आणि पाहुणीने काय खाल्लं, कुठे झोपली, कुणाला भेटली ते सांगत. एका घरी ती चर्चमध्ये गेली, एका घरी भात लावायला, एका घरी तिला ताप आला.

हारुका नावाची जपानी मुलगी शाळेत कुणाशीच बोलत नसे. पाहुणीच्या कानात मात्र बोलायची. यशोधरा घरी येऊन सांगायची, "आज बराच वेळ चाललं होतं. मला एक शब्द कळला नाही, पण भांडण नव्हतं."

दिवाळीपर्यंत यशोधरेने शिकवलं. मग सारिका नावाची तरुण शिक्षिका आली.

सोमवारी संध्याकाळी मी पेटी उघडली. यशोधरेची हिरवी साडी होती, पदर कापलेली. मॅडमकडून आणलेली बाहुली शेजारी ठेवली. तिच्या साडीत पदराची नक्षी कुठेच नव्हती, नुसतं अंग आणि काठ. म्हणजे हा तुकडा दुसऱ्या हिरव्या साडीतून आला होता. ती साडी बाजारात मिळत नाही. शाळेने विणकराकडून करून घेतलेली. ती फक्त शाळेतल्या बायकांकडे आहे.

मग मी बाहुलीचे पाय बघितले. डाव्या तळव्यावर काजळाची तीट होती.

यशोधरा दृष्टबिष्ट मानत नव्हती. ज्या बाईने ही बाहुली शिवली तिने शिवून झाल्यावर तिला नजर लागू नये म्हणूनही बघितलं होतं. चोरी लपवायला कुणी एवढं करत नाही.

३

मंगळवारी वर्गात गेलो. पाहुणीचे वर्षभराचे फोटो भिंतीवर लावलेले. सारिका माझ्यासोबत उभी राहिली. मी बाहुलीबद्दल विचारलं तर ती पुन्हा पुन्हा केस कानामागे घेत होती.

"मला काहीच माहीत नाही, काका. मी नवीन आहे."

"तुला हिरवी साडी मिळाली का?"

"मिळाली ना." मग थांबून, "घरी आहे."

"शुक्रवारी नेसशील."

"बघते," ती म्हणाली आणि फळा पुसायला लागली. फळा कोराच होता.

एक मुलगी माझ्या विजारीला धरून उभी होती. लोटे. जर्मन घरातली, पण दोन वर्षं इथे आहे.

"तुम्ही यशोताईंचे आबा आहात?"

"मी यशोताईंचा नवरा आहे."

"तेच," लोटे म्हणाली. "तुम्ही पाहुणीला बघताय? आधीची पाहुणी बसायची नाही. पडायची. आम्ही धरायचो. आता ती बसते."

मी फोटोंकडे बघितलं. खरंच होतं. पहिल्या फोटोंत पाहुणी कुणाच्या तरी अंगावर कललेली, उशीला टेकवलेली, मांडीत आडवी. सावरीचा कापूस मऊ, तो बूड धरत नाही. नंतरच्या फोटोंत ती ताठ बसलेली. आत चिंध्या घट्ट ठासल्या होत्या.

"लोटे, पाहुणी बदलली हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"बदलली नाही. ती आजारी होती, आता बरी झाली. सत्यम म्हणाला. बरी झाली तर सांगायचं कशाला?"

मी पुन्हा फोटोंकडे वळलो.

पडणारी पाहुणी आणि बसणारी पाहुणी ह्यांच्या मधे भिंतीवर एक जागा मोकळी होती.

"हा होळीचा फोटो," सारिका म्हणाली. "सत्यमने आणलाच नाही."

४

सत्यमचं घर वडिवळ्याला. बुधवारी गेलो. अंगणात त्याची आजी अंबूबाई फणसाचे गरे काढत बसली होती. हाताला तेल लावलेलं.

"बसा भाऊ. ताईंचं लय वाईट झालं. आमच्या पोराला त्यांनीच माणसात आनलं. आदी नुसता माकड व्हता."

सत्यम दाराआडून बघत होता.

"अंबूमावशी, होळीला पाहुणी तुमच्याकडे मुक्कामाला होती ना?"

"कुटं? मी वाट बघून ऱ्हायले. पाव्हणी येनार म्हनून पुरनाच्या पोळ्या केल्यात्या. हे आलं मोकळ्या हातानं. म्हनलं, आगं आजी, बसमधी ऱ्हायली."

"सत्यम, इकडे ये," मी म्हणालो. तो आला. "सोमवारी वर्गात काय सांगितलंस?"

"तिनं दोन पोळ्या खाल्ल्या."

"अजून?"

"दूध नको म्हनली."

अंबूबाई हसायला लागली. "पोळ्या ह्यानं हानल्या नि नाव तिचं. दूध तर ह्यालाच नको असतं."

"आणि पाहुणी कुठे सापडली?"

"कुटं न्हाई," सत्यम म्हणाला. "शाळेत गेलो तर आपल्या जागेवर बसलेली. मला वाटलं, आपली आपली आली."

"भीती नाही वाटली?"

"वाटली. पन ती रागावली न्हवती."

तो खरं बोलत होता. म्हणजे बाहुली सत्यमच्या घरात बदलली नव्हती. ती बसमध्येच मागे राहिली, आणि वर्गात परत आली ती दुसरीच आली.

५

बसचा ड्रायव्हर कैलास. गुरुवारी शाळेच्या फाटकाशी टायरला हवा भरत होता.

"होळीच्या सुट्टीआधीचा शुक्रवार आठवतो?"

"आठवतो की. त्या जपानी पोरीचा शेवटला दिस व्हता. बापाची बदली झाली. त्याच रातीचं विमान व्हतं."

मी हे ऐकलं नव्हतं. त्या दिवसांत मला कुणी काही सांगत नव्हतं, आणि मी विचारत नव्हतो.

"बसमध्ये कोण कोण होतं?"

"पोरं कमी कमी व्हत जातात. सत्यम कामशेतला उतरतो. जपानी पोरगी सगळ्यात शेवटी, तळेगावात. बाया तिघी. रेणुका तर माझ्याबरुबर शेवटपर्यंत असती, पोरांना उतरवायला. नंदाबाई नि सारिका टीचर बी तळेगावच्याच."

नंदाबाई शाळेचा स्वयंपाक करते. रेणुका बसमधली मावशी.

"सत्यम उतरल्यावर सीटवर पाहुणी होती. ती कुणी उचलली?"

कैलासने पंपाची नळी गुंडाळायला घेतली. "मी गाडी चालवतो, भाऊ. मागचं माझ्याकडं न्हाई."

"एवढा मोठा आरसा आहे तुझ्या डोक्यावर."

"आरसा हाय," तो म्हणाला. "मला इचारू नका. तुमाला खोटं सांगवत न्हाई नि खरं माझं न्हाई."

तो गाडीत चढला. मी फाटकाशीच उभा राहिलो. तिघींपैकी एक. हिरव्या साड्या तिघींकडे. आणि उद्या शुक्रवार.

६

शुक्रवारी लवकर जाऊन फाटकाजवळच्या खुर्चीवर बसलो. बायका एकेक येत होत्या. सगळ्या हिरव्या, लाल काठाच्या. यशोधरा असती तर ती एकटीच वेगळ्या साडीत आली असती.

मॅडम शेजारी उभ्या होत्या; साडीच्या तुकड्याचं मी त्यांना सांगितलं होतं. सारिका आली आणि त्या माझ्याकडे वळल्या. सारिकाच्या अंगात हिरवा ड्रेस होता. त्याच साडीचा शिवलेला. पदराची ओढणी केलेली.

"बघितलंत?" मॅडम हळूच म्हणाल्या. "ड्रेस शिवला की तुकडे उरतातच."

"थांबा," मी म्हणालो, आणि त्यांना वर्गात घेऊन गेलो.

भिंतीवर पाडव्याचा फोटो होता. शाळेने गुढी उभारली तेव्हाचा. त्यात सारिका हिरवी साडी नेसून उभी, निऱ्या भरपूर, पदर पुरा. आणि तिच्यापुढे पाहुणी ताठ बसलेली. पाडवा होळीनंतर येतो. म्हणजे नवी बाहुली शिवून झाली तरी सारिकाची साडी अख्खी होती. ती नंतर कापली गेली.

सारिका दारात आली होती. "मॅडम, साडीत मला मुलांच्या मागे पळता येत नाही," ती म्हणाली. "ड्रेस मागच्या आठवड्यात शिवला. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नव्हतं."

"मी रागावलेच आहे," मॅडम म्हणाल्या. "पण छान शिवलाय."

राहिल्या दोघी. मी पुन्हा खुर्चीवर येऊन बसलो.

यशोधरा रोज सकाळी साडी नेसताना निऱ्या धरायचं काम माझं होतं. मी खाली उकिडवा बसायचो, ती वरून निऱ्या घालायची, मी खालून एकसारख्या ओढायचो. वर्षानुवर्षं ते केलं. बारीक बाई असली की साडी अंगाला कमी लागते आणि निऱ्या जास्त पडतात. ती जाड झाली की निऱ्या कमी होतात. शेवटच्या वर्षी यशोधरेच्या निऱ्या फार वाढल्या होत्या.

ज्या बाईने साडी कापली तिला ती शुक्रवारी नेसायची होती. पदर कापला असता तर सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून ती खोचायच्या टोकाला कापणार. ते टोक आत जातं, कुणाला दिसत नाही. पण साडी तेवढी आखूड होते, आणि ती तूट निऱ्यांत येते.

नंदाबाई अंगाने भरलेली. तिच्या निऱ्या थोड्या, असायच्या तेवढ्याच. रेणुका काडीसारखी. तिच्या निऱ्या नंदाबाईपेक्षा जास्त दिसायला हव्या होत्या.

त्या कमी होत्या.

७

मुलं मंडपात बसत होती. रेणुका बसच्या पायरीवर एकटीच होती. मी तिच्याजवळ गेलो.

"रेणुका, खोचायच्या बाजूनं कापलीस ना?"

तिने निऱ्यांवर हात ठेवला. मग काढला.

"व्हय."

"यशोधरेची बाहुली कुठे आहे?"

"जपानात असंल, भाऊ."

मी पायरीवर बसलो. 

"मी चोरी न्हाई केली," ती म्हणाली. "सत्यम उतारला नि पाव्हणी सीटवरच. हारुकानं उचलली. मागल्या सीटवर बसून तळेगावापर्यंत तिच्या कानात बोलत व्हती. सारिका टीचर नि नंदाबाई फुडं बसल्याल्या, त्यांना दिसलं न्हाई; त्या आदी उतारल्या. मग मी, पोरगी नि कैलासच. तिची सोसायटी आली. आई खाली उभी, सामान गाडीत भरल्यालं. पोरीनं पाव्हणी माझ्या हातात दिली. आपनहून दिली. रडली न्हाई, हट्ट न्हाई. त्यानंच मला कसंतरी झालं."

"मग?"

"लेक गाव सोडून चालली, तिला मोकळी कशी धाडायची? आमच्यात आशी धाडत न्हाईत. माझ्याकडं ना खण, ना नारळ, ना मूठभर तांदूळ. बसमधी काय आसतंय? पाव्हणी व्हती. तिच्या फ्रॉकची ओटी धरली नि घातली तिच्यात. डोस्क्यात इचार आला तो गाडी फिरल्यावर."

"आणि मग ही शिवलीस."

"सुट्टीत शिवली. टीचरनं सत्यमवर आळ घेतला आस्ता. ताईंच्यासारका हात न्हाई माझा, पन बघून बघून केली."

"तीट कशाला लावलीस?"

"लेकराला लावत्यातच की," ती म्हणाली, जणू मी भलतंच विचारलं.

मला राग आला होता. मोठा राग. माझ्या घरातलं शेवटचं माणूस कुणीतरी मला न विचारता देऊन टाकलं होतं, असं वाटत होतं.

"मला सांगायला हवं होतंस."

"कसं सांगू? ताईंना जाऊन दोन म्हयनं बी झालं न्हवतं. तुमी रोज दारात बसल्यालं दिसायचात. बस तितनं जायची तर पोरं हात करायची, तुमी बघायचा बी न्हाई." तिने नाक पुसलं. "भाऊ, एक सांगू? पोरगी पायरी उतारली, वळली नि म्हनली, 'येते.'"

"कोण म्हणालं?"

"हारुका. मोठ्यानं. कैलासनं बी ऐकलं. वर्षभर त्वांडातनं शबुद न्हाई नि जाताना 'येते' म्हनली."

यशोधरा रोज शाळा सुटताना फाटकात उभी राहायची. प्रत्येक मुलाकडून 'येतो', 'येते' म्हणवून घ्यायची. जर्मन असो, जपानी असो, वडिवळ्याचा असो. हारुकापुढेही ती रोज वाकायची आणि वाट बघायची. ते ऐकायला ती राहिली नाही.

रेणुका म्हणाली, "मॅडमना सांगा. माझी हरकत न्हाई. फकस्त कैलासचं नाव घेऊ नका."

मी मॅडमच्या ऑफिसात गेलो.

"सापडली?" त्यांनी विचारलं.

"बाहुली माझ्या बायकोची होती. ती गेल्यावर माझी झाली. बरोबर?"

"बरोबर."

"मी ती हारुकाला दिली."

"कधी?"

"आत्ता."

खिडकीतून मंडपात उभ्या असलेल्या हिरव्या साड्या दिसत होत्या. मॅडमनी तिकडे एकदा बघितलं आणि पडदा ओढला.

"म्हणजे चोरी झालीच नाही."

"नाही."

"आणि ही?" टेबलावरच्या बाहुलीवर त्यांनी हात ठेवला.

"ही शाळेची पाहुणी. ऑगस्टात नवी मुलं येतील. त्यांच्या घरी जाऊ दे."

कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं. मला भाषण येत नाही. मी मुलांना सांगितलं की आधीची पाहुणी हारुकाबरोबर दूर गावी राहायला गेली आणि ही तिची बहीण. लोटे उठून म्हणाली, "मग ती बरी झाली का?" मी म्हणालो, ती तिकडे आहे, हारुका तिची काळजी घेते. सत्यमने शेजाऱ्याला सांगितलं की हे त्याला आधीच माहीत होतं.

निघताना मुलं एकेक करून फाटकातून गेली. रेणुका त्यांना बसमध्ये चढवत होती. नंदाबाईने मला डब्यात शिरा दिला. मी तो घरी येऊन खाल्ला.

हारुकाच्या आईचा नंबर सारिकाकडून घेतला आहे. हारुका तिकडे कुणाशी बोलते का, आणि पाहुणीचा एखादा टाका उसवला असेल तर तिथे कुणी शिवून देतं का, एवढं विचारायचं आहे. मी अजून फोन केलेला नाही.